वरचं बटन

आमच्याकडे भाऊबंद म्हटलं की आधी बांधावरची भांडणं आठवतात. माझ्या दादाने, नरहरने, हैदराबादला शिकायला गेल्यावर जोडलेले भाऊ मात्र निराळे होते. जालना-अंबडकडच्या पोरांनी वसतिगृहात बंधुमंडळ काढलं होतं. सगळ्यांत मिळून एकच शेरवानी. ज्याचं काम असेल त्याने ती घालायची, आणि वरचं बटन दुसऱ्याने लावायचं. ज्याने लावलं तो जन्माचा भाऊ.

विद्यापीठाला हे पसंत नव्हतं. "आम्ही विद्यार्थी ओळखतो, मंडळं नाही," असं तिथल्या साहेबांनी नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, तोंडावर सुनावलं. बटनाची गोष्टही साहेबांनीच नानांना सांगितली, नाक मुरडून. अंबडच्या कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारे आमचे नाना ऊर्फ केशवराव वकील तेव्हापासून मंडळाचं नाव काढलं की भडकायचे. मला मात्र त्या पोरांचं फार कौतुक वाटायचं. अजूनही वाटतं.

दादा बी.ए. झाला. शेरवानीशिवाय पदवीदानाला आत सोडत नसत, म्हणून नानांनी नवी शिवायला टाकली. शिंपी ती घेऊन आला, दादाने अंगात घातली आणि मला हसू आवरेना. हात बाह्यांत गडप, खांदे कोपराकडे निघालेले.

"हे काय शिवलंस?" नाना कडाडले.

"माप छोट्या साहेबांनीच दिलं, जी. बराबर तेच शिवलं."

दादा खाली बघत म्हणाला, "नाना, ती आबारावच्या मापाची आहे. मंडळाची जुनी त्याच्या अंगात शिरत न्हाई. मी जुनी घालीन."

आबाराव म्हणजे पिंपळगाव रेणुकाईच्या धनगराचा मुलगा, दादाबरोबरच पास झालेला, दारात मावणार नाही एवढा दांडगा. त्याच्या घराण्यातली ही पहिलीच पदवी, आणि शेरवानी नसली तर तो सोहळा त्याला बाहेरून बघावा लागणार होता.

"माझ्या मुलाने दुसऱ्यांचं उतरलेलं घालायचं? बिलकुल नाही!" नाना शिंप्यावर ओरडले. "काढ कात्री. इथंच कमी कर, जल्दी!"

तेवढ्यात आबारावच दारात उभा राहिला. दोघं मिळून हैदराबादला निघणार होते. दादाच्या अंगावरची ढगळ शेरवानी आणि शिंप्याची कात्री बघून त्याच्या सगळं ध्यानात आलं.

"कापा, वकीलसाहेब," तो म्हणाला. "मला हे ठावंच न्हवतं. मी तर आईला सांगून आल्तो, बाहेर उभा राहीन म्हणून. मंग काय झालं, पदवी कुठं पळून जात न्हाई."

शिंप्याने शिवण हातात धरली. नाना आबारावकडे बघतच राहिले.

"थांब," ते शिंप्याला म्हणाले. मग आबारावला, "घाल बघू."

ती त्याला अशी बसली की शिंपीसुद्धा खूश झाला. वरचं बटन लावायला दादा पुढे झाला, तर नानांनी त्याला बाजूला सारलं. टाचा उंच करून त्यांनी स्वतः आबारावच्या गळ्याशी ते बटन लावलं.

"अहो नाना," मी घाबरून म्हटलं, "त्याचा अर्थ काय होतो…"

"ठाऊक आहे मला," नाना म्हणाले. "नरहर, तू त्या जुनीला इस्त्री करून घे. आणि तुमच्या त्या साहेबांना सांग, मंडळात एक वाढला."