शेवटचा फर्मा

मी आयुष्यात एकच सूड घेतला, आणि तोही मला धड घेता आला नाही. ज्याच्यावर घ्यायचा त्याला सोडून तो त्याच्या बहिणीवर जाऊन पडला. ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. गेल्या महिन्यात भारत वारला तेव्हा मला वाटलं, सुटलो. बारा दिवस तसं वाटलं. तेराव्या दिवशी मी पेटीतून ते पुस्तक बाहेर काढलं.

पुस्तकाचं नाव ‘सोळा वर्षांची धूळ’. वर घोडा, टोपीवाला माणूस, मागे लाल डोंगर. त्या काळी अशी पुस्तकं ढिगानं निघायची. अमेरिकेतली माळरानं, शेरीफ, गुरांचे कळप, आणि बापाच्या नाहीतर भावाच्या खुनाचा बदला घ्यायला निघालेला एकटा घोडेस्वार. लिहिणारा स्वतः पुण्याच्या पुढे कधी गेला नसावा, पण आम्हाला काय त्याचं! मी आणि भारत घनसावंगीजवळच्या एकाच गावचे, एकाच वर्गात दोनदा नापास झालेले. त्या पुस्तकांतल्या सलूनमध्ये येता-जाता गोळीबार का होतो, हे आम्हाला बरेच दिवस कळत नव्हतं, कारण आमच्याकडे सलून म्हणजे न्हाव्याचं दुकान. बाकी सगळं मात्र कळायचं.

काय आवडायचं ते सांगतो. तो घोडेस्वार नव्या गावात शिरायचा आणि त्याला कुणी ‘कुणाचा रे तू?’ असं विचारायचं नाही. आमच्याकडे एसटीतून पाय खाली टेकला की पहिला प्रश्न तोच. बापाचं नाव, भावकी, मामाचं गाव सांगून होईस्तोवर चहा गार. दुसरं म्हणजे, तिथं माणसाला राग जपून ठेवता यायचा. आपल्याकडे ज्यानं अपमान केला त्याच्याच शेजारी पुढच्या महिन्यात पंगतीला बसावं लागतं, आणि तोच वर ‘घ्या, बुंदी घ्या’ म्हणून आग्रह करतो. असा राग टिकतो होय? त्या पुस्तकांत सोळा-सोळा वर्षं टिकायचा. मला ते फार मोठं वाटायचं. आता स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुस्तकं आणायचो जालन्याहून, मस्तगडातल्या अलीमभाईंच्या लायब्ररीतून. लायब्ररी म्हणजे दहा बाय बाराचं दुकान, दोन भिंतींना फळ्या आणि दारात एक लाकडी बाकडं. पुस्तकं नेणारे परत आणत नाहीत, म्हणून अलीमभाईंनी एक इलाज काढला होता. नवं पुस्तक आलं की ते ब्लेडनं त्याचा शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, कापून घ्यायचे. त्याला खाकी कागदाचं कव्हर शिवून ते एका खोक्यात ठेवायचे. शेवट वाचायचा असेल तर पुस्तक परत आणा, बाकड्यावर बसा, वाचा, फर्मा परत द्या. “कहानी घर ले जाव, अंजाम इधरच,” असं म्हणून ते हसायचे. एकही पुस्तक बुडायचं नाही त्यांचं. बाकड्यावर नेहमी पाच-सहा जण माना खाली घालून शेवट वाचत बसलेले असायचे.

मी आणि भारत शेवट एकत्र वाचायचो. ठरलेलंच होतं ते. आधी कुणी वाचायचा नाही, आणि पान उलटायचं भारतनं, कारण मी हळू वाचायचो.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात आम्ही ‘सोळा वर्षांची धूळ’ आणलं. दोन दिवसांत फडशा पाडला. घोडेस्वार त्या खुन्याच्या दारात उभा आहे, हात पिस्तुलावर गेलाय, तिथं आमची पानं संपली. सोमवारी जालन्याला जाऊ असं ठरलं. पण मला ताप भरला.

आमच्या घरी वरातीची घोडी होती. हरणी तिचं नाव. लग्नसराईत तिच्यावर घर चालायचं, आणि एरवी माळावर तिच्यावर बसून आम्ही शेरीफ व्हायचो. ताप होता म्हणून त्या दिवशीच्या वरातीला हरणीला घेऊन भारत गेला. संध्याकाळी निरोप आला, घोडीचा पाय मोडला. मी तापात तसाच धावलो. काळ्या रानात उन्हाळ्यात हात-हात खोल भेगा पडतात. त्यातल्या एका भेगेपाशी हरणी आडवी पडली होती, अंगावर वरातीची झूल तशीच होती. सकाळपर्यंत ती गेली.

भारत माझ्यासमोर आला नाही. दुसऱ्याच्या तोंडून सांगून पाठवलं, की वरातीत फटाका वाजला आणि घोडी बुजून पळाली. वरातीचं गाव तिथून चार किलोमीटर. फटाक्यानं बुजलेली घोडी चार किलोमीटर पळत नाही, एवढं आमच्या घरात लहान पोरालाही कळत होतं. घोडी गेली त्याचं दुःख होतंच. पण दोस्त खोटं बोलला आणि तोंड लपवून बसला, ते मला झोंबलं. मी मनात म्हटलं, ठीक आहे भारत. सोळा वर्षं लागली तरी चालतील.

मी त्याच्याशी बोलणं सोडलं. मस्तगडात तो भेटेल म्हणून त्या गल्लीत जाणं सोडलं. पुस्तक तसंच पेटीत राहिलं. मला ते परत करायचंच नव्हतं. शेवट काय असणार, ते मला ठाऊकच होतं ना!

सोळा वर्षं थांबायची गरज पडली नाही. त्याच वर्षी मार्गशीर्षात भारतच्या धाकट्या बहिणीला, सुरेखाला, मंठ्याकडचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. सोयरीक जमवण्याआधी मुलाकडचे गावात येऊन चौकशी करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. घरच्यांना विचारून काय उपयोग, म्हणून ते हॉटेलात, पारावर, घराशी सलगी असलेल्या माणसाला गाठतात. त्या मुलाच्या चुलत्यानं मला गाठलं. कुणीतरी सांगितलं असणार, हा भावाचा जिवलग आहे.

मी म्हणालो, “घर एक नंबर आहे. पोरगी गुणाची. औषध तेवढं येळेवर देत जा, बाकी काही तरास न्हाई.”

चुलत्यानं चहाचा कप खाली ठेवला. कसलं औषध, ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सुरेखाला कसलाही आजार नव्हता. ते स्थळ मोडलं. असं बोलणं एका गावात राहत नाही; पुढची पाच-सहा स्थळं दारापर्यंत येऊन परत गेली. शेवटी तिसाव्या वर्षी तिला मंठ्यातच एका बिजवराला दिली, पहिलीची दोन लेकरं असलेल्या. मी तोवर एसटीत कंडक्टर झालो होतो. एकदा ती माझ्याच गाडीत चढली, कडेवर सवतीचं लेकरू. मी तिकीट दिलं. “बरे आहात ना, भाऊ?” तिनं विचारलं.

सूड घेतल्यावर छाती फुगते असं पुस्तकात असायचं. माझी कधी फुगली नाही.

तर तेराव्या दिवशी मी पुस्तक घेऊन मस्तगडात गेलो. निदान शेवट तरी वाचू, म्हटलं. अलीमभाई जाऊन आठ वर्षं झालेली. त्यांचा मुलगा जीशान दुकानात मोबाईलची कव्हरं विकतो. बाकडं तेच. त्यानं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि हसला.

“चाचा, पुस्तकं सगळी रद्दीत गेली. पण अब्बा सांगून गेल्ते, अंजाम रद्दीत द्यायचे न्हाईत. कुणी तरी वाचायला येईल म्हणायचे.” त्यानं माळ्यावरून पत्र्याचं खोकं काढलं. खाकी कव्हरांचे गठ्ठे होते. माझा फर्मा सापडायला अर्धा तास लागला.

पहिल्याच पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. भारतचं अक्षर मी लगेच ओळखलं.

‘मच्छ्या, तू शेवट वाचल्याबिगर राहणार न्हाईस, म्हणून इथं लिहितो. फटाक्याचं खोटं हाय. मीच पळवली हरणीला, पुस्तकातल्यावानी, दोन्ही हात सोडून. भेगीत पाय गेला तिचा. तुझ्या दारात यायची हिंमत व्हईना. आता दर सोमवारी इथं येऊन बसतो. ये, चार मुस्काटात मार. मंग शेवट वाचू.’

खाली तारीख होती. हरणी गेली त्याच्या नवव्या दिवसाची.

“हे लिहिणारे चाचा मला अंधुक आठवतात,” जीशान म्हणाला. “सोमवारी यायचे. अब्बा पुस्तक न मागताच त्यांना अंजाम द्यायचे, पण ते काही वाचायचे न्हाईत. अब्बा चहा पाजायचे. दोनेक वर्षं आले असतील.”

दोन वर्षं. म्हणजे मी हॉटेलात बसून औषधाची थाप मारली, त्या आठवड्यातही तो इथं येऊन बसला होता. मी एकदा, फक्त एकदा या गल्लीत आलो असतो तर! त्या बाकड्यावर बसून, मोबाईलची कव्हरं घ्यायला आलेल्या पोरींसमोर मी हुंदके देऊन रडलो. जीशाननं पाण्याचा ग्लास दिला आणि फर्मा माझ्या पिशवीत घातला. “ले जाव चाचा,” म्हणाला.

घरी न जाता मी मंठ्याची गाडी पकडली.

सुरेखा ओट्यावर शिलाई मशीन घेऊन बसली होती. केस पांढरे झालेले, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. मला बघून तिनं खुर्ची पुढे केली. “भारतदादाच्या दहाव्याला न्हाई दिसलात, मच्छिंद्रभाऊ.”

मी उभ्यानंच सांगितलं. हरणीचं, फर्म्यावर भारतनं लिहिलेलं, मास्तरच्या चुलत्याचं, औषधाचं. एकोणचाळीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट, सांगायला घेतली तर दोन मिनिटांत संपली.

मशीनच्या सुईखालचं कापड तिनं काढून बाजूला ठेवलं.

“मी वहिनीवर संशय घेतला व्हता,” ती म्हणाली. “उषावहिनी नवीन आल्ती तवा. मला वाटलं, नणंद घरात नको म्हणून तिनंच काही तरी बोललं आसंल. लगीन झाल्यावर दादाच्या दारात मी धा वर्षं गेले न्हाई, भाऊ. दर राखीला दादाच यायचा हितं. वहिनी रडायची म्हणून सांगायचा. मी आयकायचे न्हाई.”

याचा मला पत्ताही नव्हता. माझ्या एका वाक्यानं आणखी काय काय खाल्लं, ते मला त्या ओट्यावर कळलं.

“दादाला ठावं व्हतं, तुम्हीच बोलले ते?”

“न्हाई.”

“बरं झालं. बिलकुल बरं झालं.” तिनं पिशवीकडे बघितलं. “काय लिवलंय त्या पुस्तकाच्या शेवटाला?”

मी फक्त कडेचं वाचलं होतं. छापलेलं वाचलंच नव्हतं.

“वाचा मंग. मलाबी कळू द्या, कशापायी झालं.”

मी मोठ्यानं वाचलं. घोडेस्वार गोळी झाडतो. खुनी दारातच पडतो. आतून त्याची मुलगी बाहेर येते आणि विचारते, यांनी तुमचं काय केलं होतं? तो सांगू लागतो, आणि दोन वाक्यांत सगळं सांगून होतं. मुलगी म्हणते, आणि? त्याच्याजवळ पुढे काही नसतं. मग बारा पानं तो नुसता घोडा हाकत राहतो. कुठं जायचं ते त्याला ठरवता येत नाही.

वाचताना पान मलाच उलटावं लागत होतं. पानं संपली तेव्हा सुरेखानं हात पुढे केला.

“शेवट दुकानातच ठेवून यायचा आसतो, आसं दादा सांगायचा.”

“हो.”

“मंग तुमच्याजवळ नको ऱ्हायला, द्या हिकडं. त्याचं अक्षर हाय त्याच्यावर. वहिनीला दाखवायचंय मला, आन् तिच्या पाया पडायचंय.”

मी फर्मा तिच्या हातात ठेवला. “मी येऊ का संगं? उषाबाईला मीच सांगतो.”

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही लई उशिरा वाचता, भाऊ.”

तिनं बाकीचं पुस्तक उचलून माझ्या पिशवीत घातलं आणि पायात चपला घातल्या. घनसावंगीकडच्या गाडीला अजून वेळ होता. तरी ती तशीच स्टँडकडे चालू लागली, आणि मी तिच्या ओट्यावर उभा राहिलो.