डाव्या पायाची उडी

आमच्या कारखान्याच्या फुटबॉल टीमची दुखापतींची वही माझ्याकडे असे. कुणाचं काय दुखतं यापेक्षा कधी दुखतं, ते मी बघून ठेवी. गोलकीपर दयानंदची कंबर फक्त पळायच्या दिवशी धरायची. बिर्याणीच्या दिवशी तोच रांगेत पहिला. इंदिरानगरच्या डॉक्टरांनी सीझनआधी वॉर्मअप शिकवला, तेव्हा निम्मे जण बुटांच्या लेस बांधत बसले. तीही नावं माझ्याकडे आहेत.

माझ्या बहिणीचा मुलगा खंडोजी त्यांत नव्हता. विंगवर खेळायचा, वॉर्मअप पुरता करायचा. तरी ऑगस्टमध्ये एका टॅकलखाली त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं. परत उतरण्याआधी डॉक्टरांची एक अट होती: एकेका पायावर लंगडीच्या तीन उड्या, टेपने मोजून. दुखऱ्या पायाचं अंतर चांगल्या पायाच्या दहात नऊ भाग तरी भरलं पाहिजे. नाही भरलं, तर थांबायचं.

मार्चमध्ये फायनल आली. राज्याच्या कॅम्पसाठी मुलं निवडणारे येणार होते, आणि खंडोजीच्या वयाला ही शेवटचीच संधी होती. आदल्या सकाळी मी टेप घेऊन मैदानावर गेलो. कोच नरसिंह लांबूनच आपल्या कानडी वळणात म्हणाले, "स्वल्प लवकर, व्यंकोजी."

उजवा पाय चार मीटर ऐंशी. डावा पाच मीटर दहा. भरत होतं.

मागचं पान मात्र वेगळं सांगत होतं. जूनमध्ये सगळ्यांच्या उड्या मोजल्या होत्या, तेव्हा खंडोजीचा डावा सहा मीटर चाळीस गेला होता. उजवा वाढत नाही म्हटल्यावर पोराने डावाच आखडता घेतला होता.

"डावा आज रजेवर आहे का रे?" मी विचारलं.

त्याने वर पाहिलं नाही. "काल जास्त पळालो, मामा. बसतंय ना दहात नऊ? लिहा की."

खरं तर डॉक्टरांना एक फोन करायचा होता. पण सहा महिने रोज पहाटे भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवताना मी त्याला पाहिलं होतं. मी मागचं पान मिटलं आणि लिहिलं: खेळू शकतो.

विसाव्या मिनिटाला तो बॉल घेऊन वळला. जवळ कुणी नव्हतं. गुडघा आत गेला आणि तो खाली बसला, दमलेला माणूस बसतो तसा. ओरडलाही नाही.

डॉक्टरांनी वही मागवून घेतली. चाळत जूनच्या पानापर्यंत गेले. डाव्याच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही पाहिलं नव्हतं?"

पलंगाशी खंडोजीची आई, माझी धनलक्ष्मी अक्का, उभी होती. मी मान हलवली. नाही म्हणालो.

"त्यांना कसं कळणार, सर," पलंगावरून खंडोजी म्हणाला. "मीच फसवलं त्यांना."

आता जिने नीट चढता आले तरी पुष्कळ, असं सांगून डॉक्टर गेले. अक्का पाणी आणायला बाहेर पडली. खंडोजीने माझा हात धरला.

"चुकलं माझं, मामा. रागावू नका."

मी म्हणालो, "असू दे."