बंब त्यांचा, नळी आमची

शिंपी दुपारी रावसाहेबांच्या कोटाला काजं करत बसला होता, तेव्हा मधल्या भिंतीवर काठी वाजली. भिंतीपलीकडे पिंजाऱ्याचं घर. त्याची म्हातारी आई पोटमाळ्यावर पडून असायची. पाय गेल्यापासून काही हवं असलं की ती भिंतीवर काठी ठोकायची आणि शिंपीण हातातलं काम टाकून जायची. आईवेगळ्या शिंप्याला या म्हातारीनेच वाढवलं होतं. तो तिला खाला म्हणायचा, म्हणजे मावशी.

हल्ली मात्र काठी वाजली तरी शिंपी बायकोला उठू देत नसे.

त्याचं कारण, इंग्रज सरकारचा निवडणुकीचा नवा कायदा आला होता. मुसलमानांनी मुसलमान उमेदवार निवडायचा, बाकीच्यांनी आपला. लगेच गल्लीत दोन सभा उभ्या राहिल्या. एकीचे अध्यक्ष खानबहादूर, दुसरीचे रावसाहेब. दोघांच्या पदव्या एकाच सरकारने दिलेल्या, आणि कालपरवापर्यंत दोघे एकाच टेबलावर पत्ते कुटत होते. पण सभा म्हटली की ठराव हवा, म्हणून गल्लीच्या सामाईक वस्तूंची वाटणी निघाली. आगीचा बंब काही चिरून वाटता येईना. तेव्हा अक्कल अशी पाजळली, की बंब मुसलमानांकडे गेला आणि त्याची जाड कापडाची नळी हिंदूंकडे. गोऱ्या साहेबाने दोन्ही सभांची पाठ थोपटली.

नळी शिंप्याने शिवलेली, म्हणून तिची पेटी त्याच्या घरी आली. कमरेला चावी लावून तो गल्लीभर मिरवला. तिकडे पिंजारी बंबाचा राखणदार झाला. एक कापूस पिंजायचा, दुसरा खोळ शिवायचा. एकाच गादीवर दोन घरं जगत होती. ते दोघे आता एकमेकांकडे बघेनासे झाले.

काठी पुन्हा वाजली, मग धडाधड वाजू लागली. फटीतून धूर आला. शिंपी बाहेर धावला. पिंजाऱ्याचा कापूस पेटला होता, माळ्याची शिडी जळत होती आणि आत जायला वाट उरली नव्हती. पिंजारी शिंप्याच्या दारावरून पळत गेला, पण थांबला नाही.

"अहो, पेटी उघडा," शिंपीण म्हणाली.

शिंप्याने चावी काढलीही होती. तेवढ्यात रावसाहेब आले. त्यांचं म्हणणं, आधी खानबहादुरांनी नळी रीतसर मागावी. न मागता दिली तर उद्या नळीवरही हक्क सांगतील.

"साहेब, आत म्हातारी आहे."

"म्हणूनच. आता मागतीलच."

शिंपी चावी हातात घेऊन पेटीशी उभा राहिला. शेजारी भिंत वाजत होती. शिंपिणीने त्याचा हात ओढला, शिव्या दिल्या, शेवटी पाय धरले. तो रावसाहेबांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग काठी थांबली.

तेव्हा कुठे त्याने पेटी उघडली. नळी बंबाला जोडली गेली आणि आता कोणीच हरकत घेतली नाही. आग विझली. शिंप्याचं घर वाचलं.

दुसऱ्या दिवशी दोन शोकसभा झाल्या. एकीत स्वतंत्र नळीची मागणी झाली, दुसरीत स्वतंत्र बंबाची. दोन्हीकडे टाळ्या पडल्या.

शिंपी जळक्या घरात गेला. पिंजारी राखेत बसला होता. शिंपी त्याच्यासमोर टेकला आणि चावी खाली ठेवली.

"ही माझ्याजवळ होती. खाला ठोकत होती आणि मी उभा होतो."

पिंजारी चावीकडे बघत म्हणाला, "मी तुझ्याच दारावरून पळालो ना. खानबहादुरांना विचारायला, की शिंप्याकडे नळी मागू का."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, सभा बोलावतो."

त्या संध्याकाळी रावसाहेबांचा कोट काजांशिवाय परत गेला. त्यांचं काही अडलं नाही. दुसऱ्या शिंप्याने तो पुरा केला आणि तोच घालून ते निवडून आले. खानबहादूरही आले. दोघांच्या मिरवणुका त्याच गल्लीतून वाजतगाजत गेल्या. फक्त दोन माणसं तिकडे फिरकली नाहीत. शिंपी आणि पिंजारी दोन घरांमधली भिंत पाडत होते. बाकी मिरवणुकीत कोण कोण नाचलं, ते ज्याने त्याने स्वतःला विचारावं.