ताओंच्या फेऱ्या

युन तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला तेव्हा सुनेत्रा काचेची भांडी धूत होती. भांडी खरं तर स्वच्छच होती. पण गुरुवारपासून प्रयोगशाळेत तिला करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि नुसतं बसून राहिलं की डोळे मिटायला लागायचे. म्हणून ती धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती.

"उद्या दुपारी मोकळी आहेस का?" युनने विचारलं.

युन कोरियाचा. तिच्याच प्राध्यापकांकडे पीएच.डी. करत होता, तिच्यामागून आला होता आणि बहुधा तिच्याआधी संपवून जाणार होता. माणूस मात्र चांगला होता. रात्रपाळीला तिचा प्रयोग चालू असला तर एक डोळा त्यावर ठेवायचा, कधी सांगावं लागलं नव्हतं.

महिन्याभरापूर्वी सोलमध्ये एशियाड झालं होतं. अमेरिकन टीव्हीवर त्याचा मागमूस नव्हता, पण ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या कोरियन, जपानी आणि चिनी विद्यार्थ्यांत त्यावरून भलतीच हमरीतुमरी झाली होती. विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत जी सार्वजनिक लाँड्री होती, तिथे कपडे सुकेपर्यंत रोज पदकांवरून वाद. त्या वादांतूनच कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपणच आपली मैदानी स्पर्धा भरवू, तीन देशांची, मैत्रीची. झेंडे आणायचे नाहीत, एवढं एकच ठरवायला त्यांना कितीतरी बैठका लागल्या. चीन आणि कोरियाचे सरकारी संबंधच नव्हते, आणि तैवानची मुलंही बघायला येणार होती. शेवटी मनगटाला रंगीत फिती बांधायच्या, यावर तोडगा निघाला.

"सगळं जमलंय," युन म्हणाला, "फक्त दहा हजार मीटरला फेऱ्या मोजायला माणूस हवं. आमच्या तिघांपैकी कुणी बसलं की बाकीचे दोघे संशय घेणार. तू इंडियन. तुला कुणीही जिंकलं तरी सारखंच."

"मला कुणीही हरलं तरी सारखंच आहे," सुनेत्रा म्हणाली.

युनला तो होकार वाटला. त्याने आभार मानले आणि निघून गेला.

गुरुवारी प्राध्यापकांनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं होतं. ज्या उत्प्रेरकावर तिची सहा वर्षं गेली होती, त्याच्यावर दुसऱ्या एका प्रयोगशाळेचा शोधनिबंध छापून आला होता. तिच्यापेक्षा चांगला, तिच्यापेक्षा नेटका. "आता यावर पदवी देता येणार नाही," ते म्हणाले होते. "नवा विषय घे. दोन वर्षं, फार तर तीन. नाहीतर मास्टर्स घेऊन बाहेर पड. पण तू तसं करशील असं मला वाटत नाही. विचार कर आणि सोमवारी सांग." त्यांनी हे अगदी सौम्यपणे सांगितलं. तिला रडू येईल अशा अंदाजाने टेबलावरचा कागदी रुमालांचा डबाही थोडा पुढे सरकवला. पण तिला रडू आलं नाही. तिला जांभई आली, आणि ती दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्राध्यापकांचा गैरसमज तिने तसाच राहू दिला.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. खोलीतल्या मीनाक्षीलाही नाही.

"तू आजारी दिसतेस यार," शनिवारी सकाळी मीनाक्षी म्हणाली. "कॅन्सल कर ना. त्यांच्या त्या रेसेस, तुझा काय संबंध?"

"हो म्हटलंय."

"तू ना, सगळ्यांनाच हो म्हणतेस. निदान माझा कोट तरी घाल, तुझ्यात काही राम नाही राहिलेला."

मीनाक्षीचा जाड कोट घालून सुनेत्रा निघाली. तो नेमका फुटबॉलचा शनिवार होता. सगळं गाव पिवळ्या-निळ्या टोप्या घालून स्टेडियमच्या दिशेने लोटलं होतं आणि ती एकटी उलट्या दिशेच्या बसमध्ये. स्पर्धेसाठी गावाच्या टोकाच्या एका शाळेचं मैदान मिळालं होतं. कडेला मेपलची झाडं, पानं बरीचशी गळून गेलेली. एका बाजूला लांब टेबलांवर झाकलेली पातेली मांडली होती, आणि भाजलेल्या तिळाचा, लसणाचा वास मैदानभर पसरला होता.

स्पर्धा चांगली रंगली. शंभर मीटरला एक जपानी मुलगा सगळ्यांना मागे टाकून गेला. लांब उडीत कोरियन आणि चिनी पोरींनी एकमेकींची पावलं इतक्या संशयाने मोजली की शेवटी दोघींनाच हसू फुटलं. लहान मुलं कोण कुठल्या देशाचं हे विसरून वाळूच्या खड्ड्यात लोळत होती. सुनेत्रा खुर्चीवर कोटाच्या खिशात हात घालून बसली होती. एरवी तिला हे सगळं आवडलं असतं, हे तिला कळत होतं. पण एखाद्या दुकानाच्या बंद काचेतून आतलं बघावं तसं ती बघत होती.

दहा हजार मीटर ही शेवटची शर्यत. प्रत्येक देशाचे दोन धावक, एकूण पंचवीस फेऱ्या. सुनेत्रापुढे उरलेल्या फेऱ्यांचे आकडे उलटायची एक पाटी ठेवली होती आणि शाळेतून मागून आणलेली एक पितळी घंटा. पहिला धावक शेवटच्या फेरीला आला की घंटा वाजवायची, आणि मागच्यांनाही ज्याची त्याची शेवटची फेरी घंटेनेच सांगायची.

सुरुवातीलाच घोटाळा झाला. चीनच्या दुसऱ्या धावकाचा पाय रिलेमध्ये मुरगळला होता. त्याच्या जागी कुणी उतरलं नाही तर चीनचा एक गुण जाणार. चिनी मुलं आपापसात पुष्कळ बोलली, आणि मग सगळ्यांचे कोट सांभाळत बसलेले एक गृहस्थ उठून उभे राहिले. ते ताओ. शेनयांगहून वर्षभरासाठी आलेले धातुशास्त्राचे अभ्यासक, वय चाळिशीच्या पुढे, केस कानशिलांवर पांढरे. त्यांनी चष्मा दोऱ्याने डोक्याला बांधला, पँटचे पाय दुमडले आणि कापडी बुटांनिशी रेषेवर जाऊन उभे राहिले. तैवानची मुलं टाळ्या वाजवू लागली.

बाकीचे पाच जण पहिल्या काही फेऱ्यांतच त्यांच्या पुढे निघून गेले. ताओ आपल्या चालीने पळत राहिले. पळत म्हणजे काय, पाय जमिनीवरून उचलत होते इतकंच. कोपरं अंगाशी, नजर समोर. पहिल्या धावकांनी त्यांना एकदा ओलांडलं, दोनदा ओलांडलं, मग किती वेळा ते बघणाऱ्यांनी मोजायचं सोडून दिलं. सुनेत्राला मात्र सोडता येत नव्हतं. सहा जणांच्या फेऱ्यांच्या खुणा कागदावर करत तिने निकाल लावला. पहिला कोरियन, दुसरा जपानी, तिसरा चिनी आणि मग उरलेले. मिठ्या मारून झाल्या, फोटो निघाले, लोक पातेल्यांकडे वळले.

ताओंच्या अजून सात फेऱ्या बाकी होत्या.

ऊन उतरलं आणि थंडी कोटाच्या आत शिरायला लागली. लांबून, गावाच्या दुसऱ्या टोकाकडून, स्टेडियममधला लाखभर लोकांचा आरडाओरडा वाऱ्यावर येत होता आणि विरत होता. मैदानावर मात्र पळणारे ताओ आणि खुर्चीवर सुनेत्रा, एवढेच उरले होते. दर फेरीला ते तिच्यासमोरून जायचे, तेव्हा त्यांचा श्वास ऐकू यायचा, जुन्या पंपासारखा. ती पाटीवरचा आकडा बदलायची. ते पाटीकडे बघायचे, मान हलवायचे.

युन हातात कागदी बशी घेऊन आला. "अजून किती?"

"ही धरून चार."

"अरे बापरे." तो हळूच म्हणाला, "घंटा वाजव ना. पुढच्या वेळेला आले की वाजव. कुणाला कळतंय? चीन तिसराच आहे, हा गुण मिळाला तरी तिसराच राहणार. बिचारे मरतील. जेवणही गार होतंय आणि शाळावाला किल्ल्या घेऊन उभा आहे."

सुनेत्राने ताओंकडे पाहिलं. ते पलीकडच्या वळणावर होते, एक खांदा खाली गेला होता. तिला वाटलं, खरंच, कशाला हे? कुणासाठी? संपवून टाकावं. ते आपल्या समोर येईपर्यंत तिने आकडा उलटून एक केला, आणि ते जवळ आले तशी घंटा वाजवली.

ताओ थबकले. जागच्या जागी पाय हलवत त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांनी नकारार्थी मान हलवली, बोलायला श्वास नव्हता म्हणून तीन बोटं वर केली, आणि पुढे निघाले.

युन हसला. "म्हातारा पक्का आहे!" म्हणत तो आणखी भात घ्यायला गेला. सुनेत्राचे कान तापले. तिने पाटी उलटून तीनवर आणली. तिला खुर्चीवर बसवेना. ती उठून रेषेशी जाऊन उभी राहिली आणि पुढची फेरी तशीच उभी राहिली, त्याच्या पुढचीही. शेवटच्या फेरीला तिने घंटा वाजवली तेव्हा ताओंनी तिच्याकडे बघून जरा हसल्यासारखं केलं. ते रेषा ओलांडून आले तेव्हा टेबलांपाशी कुणीतरी ओरडलं, थोड्या टाळ्या झाल्या. ताओ गवतावर बसले, मग आडवे झाले. सुनेत्राने त्यांचा कोट आणून त्यांच्या अंगावर टाकला आणि शेजारी बसली.

श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले, "थांबलात, त्याबद्दल आभारी आहे."

"मिस्टर ताओ, ती घंटा... मी चुकले नव्हते. मुद्दाम वाजवली होती. मला वाटलं, तुम्ही फार दमलात."

ताओंनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, एकेक शब्द जागेवर ठेवल्यासारखं. "मी दमलो होतो. पण मी मजेत होतो. वीस वर्षांनी पळतोय. कुणी पळ म्हणून सांगितलं नाही, मीच म्हटलं. बायकोला पत्रात लिहीन, दहा हजार मीटर. ती विचारेल, सगळे? मला खोटं नीट लिहिता येत नाही." ते हसले, मग खोकले. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "दमला होतात तुम्ही, नाही? मी समोरून जाताना दर वेळी बघत होतो. मला वाटत होतं, ही बाई माझ्याहून जास्त दमली आहे. हिला कुणीतरी घरी सोडलं पाहिजे."

कुणी इतक्या सरळपणे हे सुनेत्राला म्हटलं नव्हतं. मीनाक्षी आजारी म्हणाली होती, प्राध्यापक निराश समजले होते. ती आजारी नव्हती. निराशही नव्हती, निदान लोकांना वाटेल तशी नाही. निबंध दुसऱ्याचा छापून आला हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, तिच्या मनात काय आलं होतं? सुटले. त्या विचाराची लाज वाटून तिने तो लगेच दाबून टाकला होता आणि त्यावर दोन दिवस भांडी धुतली होती.

"मला हे करायचंच नाहीये," ती मराठीतच म्हणाली.

ताओंना मराठी कळायचा प्रश्नच नव्हता. पण त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "चला, भात खाऊ."

भात गार झाला होता, आणि चांगला होता. सुनेत्राने दोनदा वाढून घेतला. परतताना बस नव्हतीच, सामना सुटून रस्ते तुंबले होते. युनच्या गाडीत मागच्या सीटवर ती आणि ताओ दाटीवाटीने बसले. सिग्नलला गाडी उभी असतानाच दोघंही झोपी गेले.

सोमवारी ती प्राध्यापकांकडे गेली आणि मास्टर्स घेते म्हणाली. प्राध्यापकांनी पुष्कळ समजावलं. तू हुशार आहेस, दोन वर्षं म्हणजे काय, लोक याहून वाईटातून उभे राहतात, उद्या पस्तावशील. ती ऐकत होती. त्यांचं कुठलंच म्हणणं तिला खोटं वाटलं नाही, आणि तरी तिचं उत्तर बदललं नाही. शेवटी त्यांनीच नाद सोडला. संध्याकाळी मीनाक्षीला सांगितलं तर ती पलंगावर उठून बसली. "अगं पण सहा वर्षं, सुनेत्रा! वेडी आहेस का तू?" आणि मग, थोड्या वेळाने, "चहा करू?"

खरी धास्ती होती ती अमरावतीची. तिचे बाबा शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. लेक डॉक्टरेट करते, हे त्यांनी गल्लीतल्या दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेलं. घरी फोन नव्हता. शेजारच्या वसुधाकाकूंकडे लावायचा, काकूंनी हाक मारायची, बाबांनी चपला शोधत यायचं, आणि तोवर इकडे मिनिटं पळत राहायची. त्या रात्री तिने फोन लावला. तिकडे सकाळ होती. काकूंच्या घरातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"हं, बोल सुनेत्रा," बाबा ओरडून म्हणाले. फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलायचे.

तिने सांगितलं. कारणं सांगायची ठरवली होती, ती सांगितली नाहीत. एवढंच म्हणाली, "बाबा, माझ्याच्याने आता होत नाही. आणि मला ते करायचंही नाहीये. मी सोडतेय. नोकरी बघते."

लाइन तुटली की काय, असं तिला वाटलं.

"बाबा?"

"आहे, आहे." त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "दोन वर्षांपूर्वी तू आली होतीस ना, तेव्हा तुझी आई म्हणाली होती मला. पोरगी वाळली म्हणून. मी म्हटलं, अभ्यासाने होतं असं." मग म्हणाले, "लोकांना सांगायचं ते मी सांगीन. तू नको त्याची काळजी करू. आता काय करणार आहेस?"

"आता? झोपणार आहे बाबा."

"झोप," बाबा म्हणाले, आणि मग काकूंच्या घरात कुणाला तरी सांगितल्यासारखे मोठ्याने, "झोपते म्हणतेय!"

डिसेंबरात तिला मिनेसोटातल्या ईडन प्रेरीजवळ एका रंगाच्या कंपनीत काम मिळालं. पण ते पुढचं. त्या रात्री तिने फोन ठेवला, दिवा मालवला आणि मीनाक्षीने आणून ठेवलेला चहा तसाच राहिला.