वीस मार्चचा कागद

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर तुम्हाला वाटेल, हा कोणीतरी वापरायचा विसरलेला कागद आहे. मी एक जुना फॅक्सचा कागद आहे. माझ्यावर एकेकाळी सहा ओळी, एक शिक्का आणि एक सही होती.

मी एका गुळगुळीत, लांबलचक गुंडाळीतला. मला शाई लागत नसे. माझ्या अंगावर एक लेप होता. यंत्राने गरम चटका दिला की तिथे काळे अक्षर उमटायचे. वसई गावात हंसाबेनच्या टेलिफोन बूथवर ते यंत्र होते. १९९७ च्या मार्चअखेरीस एका दुपारी ते किरकिरले आणि मी बाहेर आलो.

भुईगावचे ऑगस्टीन स्टुलावर बसून माझी वाट पाहत होते. त्यांची एक छोटी व्हॅन होती. वाडीतली फुले आणि नारळ ते तिच्यातून पोचवत. त्या वर्षी विमा कंपनीच्या कचेरीत नवे कॉम्प्युटर आले होते. ऑगस्टीननी व्हॅनचा हप्ता वेळेवर भरला होता, पण कॉम्प्युटरने छापलेल्या पॉलिसीवर वीस मार्चऐवजी वीस एप्रिल अशी तारीख पडली. त्यांनी कचेरीला फोन केला. तिथल्या साहेबांनी लगेच मला पाठवले. माझ्यावर लिहिले होते की छपाईत चूक झाली आहे, विमा वीस मार्चपासूनच चालू आहे, दुरुस्त पॉलिसी टपालाने येईल.

"ऑगस्टीनभाई, याची एक झेरॉक्स मारून ठेवा," हंसाबेन म्हणाल्या. "हा कागद टिकत नाही."

"मारा ना."

तेवढ्यात लाइट गेली. दोघे थोडा वेळ थांबले. ऑगस्टीनना भायखळ्याला फुले पाठवायची होती. "उद्या येऊन मारतो," म्हणून त्यांनी मला खिशात घातले. तो उद्या राहूनच गेला.

घरी रोझमेरीबाईंनी मला प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवले. "आता पाणी लागायला नको, वाळवी लागायला नको," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मला फार बरे वाटले. इतके कोणी जपत नाही कागदाला.

अकरा एप्रिलला ऑगस्टीन जूचंद्रला एका लग्नघरी मोगऱ्याचे गजरे पोचवायला गेले. वळणावर त्यांच्या व्हॅनची धडक सायकलवरच्या नथूंना बसली. नथू मिठागरावर काम करत. ऑगस्टीननी स्वतः त्यांना उचलून व्हॅनमध्ये घातले आणि इस्पितळात नेले. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. मिठागरात उभे राहण्याचे काम त्यांच्याकडून पुन्हा झाले नाही.

अपघाताची ही हकीगत ऑगस्टीननी घरी सांगितली तेव्हा मला कळली. नथूंची बायको जिजा इस्पितळाच्या दारात बसली होती. तिने विचारले होते, "विम्याचा कागद हाय ना तुमच्याकं?"

"मी 'आहे' म्हणालो," ऑगस्टीन रोझमेरीबाईंना म्हणाले. त्या रात्री त्यांनी मला बाहेर काढून पुन्हा वाचले आणि जागच्या जागी ठेवले.

दुरुस्त पॉलिसी टपालाने कधी आलीच नाही. नथूंनी ठाण्याच्या कोर्टात भरपाईचा दावा लावला. नुसत्या तारखा पडत राहिल्या. ऑगस्टीन निर्धास्त होते, कारण मी होतो.

आणि मित्रांनो, त्याच काळात मी पुसला जाऊ लागलो. भिंतीपलीकडे चूल आणि अलीकडे प्लॅस्टिक. त्या उबेने आणि प्लॅस्टिकच्या स्पर्शाने माझ्या अंगावरचा लेप हळूहळू मरत होता. आधी सहीची शेपटी गेली. मग शिक्क्याची कड. मग एकेका ओळीतली अक्षरे विरळ झाली. दरवर्षी रोझमेरीबाई कपाट उघडून नवी पॉलिसी माझ्या शेजारी ठेवत, पिशवी जागेवर आहे ना ते बोटांनी चाचपत आणि दार लावत. एकदा तर ऑगस्टीननी मला अर्धे बाहेर ओढले होते. तेव्हा तारीख अजून वाचता येत होती. इतक्यात अंगणातून त्यांना कोणीतरी हाक मारली आणि मी परत आत गेलो. मला ओरडता आले असते तर? पण कागदाला जेवढे लिहिलेले असते तेवढेच बोलता येते, आणि माझे तेही चालले होते. शेवटी 'वीस' हा शब्द उरला. एका उन्हाळ्यात तोही गेला.

२००३ साली विमा कंपनीने कोर्टात सांगितले की अपघाताच्या दिवशी या गाडीचा विमा नव्हता. कॉम्प्युटरमध्ये वीस एप्रिल अशी नोंद आहे. जुन्या वह्या रद्दीत गेल्या, आणि त्या वेळचे साहेब आता हयात नाहीत.

"माझ्याकडे पत्र आहे," ऑगस्टीन म्हणाले, आणि घरी येऊन त्यांनी मला काढले. एक बाजू पाहिली, मग दुसरी. रोझमेरीबाईंनी मला खिडकीशी नेऊन उजेडात धरले.

"मी तर कोणाला हात लावू दिला नाही हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला हंसाबेनकडे नेले. बूथ जाऊन तिथे आता कॉम्प्युटर आले होते. त्यांनी मला स्कॅनरच्या काचेवर पालथे घातले. पडद्यावर मला गडद केले, फिके केले. दिसली ती फक्त माझी घडी.

"मजकूर असता ना भाई, तर मी काढून दिला असता," हंसाबेन म्हणाल्या. "आत काही नाहीच."

कोर्टात ऑगस्टीननी माझ्या सहाही ओळी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. एकही शब्द चुकला नाही. कंपनीच्या वकिलाने मला टेबलावर ठेवले आणि शांतपणे म्हटले, "पाठ असणे हा पुरावा होत नाही." मी तिथेच होतो. ऑगस्टीन खरे बोलत होते हे त्या खोलीत सांगू शकणारा मी एकटा, आणि मला काही करता आले नाही.

भरपाई ऑगस्टीननी स्वतः द्यावी असा निकाल लागला. त्यांनी व्हॅन विकली. वटार गावी मोगऱ्याच्या वाडीचा एक तुकडा होता, तोही विकला.

शेवटची रक्कम द्यायची त्या दिवशी जिजा भुईगावला आली. चहा झाल्यावर तिने मला पाहायला मागितले. ऑगस्टीननी ओशाळून मला तिच्या हातात दिले.

"कोरा झाला बघा," ते म्हणाले. "तुम्हाला वाटलं असेल, मी खोटं बोललो."

जिजाने मला उलटसुलट करून पाहिले. "मना वाचाला येत नाय, भाऊ," ती म्हणाली. "मना यो पयलापन कोराच व्हता. तुमी सांगलं ते मी मानलं."

तिने मला नीट घडी घालून परत केले. ऑगस्टीन उठून मागच्या पडवीत गेले.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझी भावंडे असतील, कपाटात, पिशवीत, नाहीतर कॉम्प्युटरच्या पोटात. ती जागेवर आहेत एवढ्यावर समाधान मानू नका. वर्षातून एकदा त्यांना बाहेर काढून शब्द न शब्द वाचा. वाचता येत असेल तर त्याच दिवशी दुसरी प्रत करा, आणि लाइट गेली तर येईपर्यंत थांबा.