ऑर्व्हिलच्या गाण्यातली शांतता

ऑर्व्हिलनं गायलेल्या भटक्याच्या त्या जुन्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं एकदम थांबतात. नॅशव्हिलमध्ये हे गाणं पुन्हा गाणाऱ्या प्रत्येकानं ती शांतता जशीच्या तशी उचलली होती. गायिका वायनेललाच ती जमत नव्हती. दिवसभर स्टुडिओत गाऊनही ती जागा उसनी वाटायची. निर्माता क्लेटननं सांगून टाकलं, "उद्या झालं तर झालं. नाहीतर हे गाणं अल्बममधून गेलं."

ऑर्व्हिल तिथं का थांबला असेल? भटक्याला घर आठवलं असेल? विचारायला आता तो नव्हता. त्याची बायको युनीस होती. संध्याकाळी वायनेल तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"मिस युनीस, रेकॉर्डिंगला तुम्ही होतात ना?"

"होते की. कोपऱ्यात शेंगा मोडत बसले होते." युनीसनं मक्याचा पाव पुढं सरकवला. "तेव्हा सगळ्यांत माइक एकच. गाणारा मागं सरकला की वाजवणारा पुढं यायचा. ऑर्व्हिल सरकला. फिडलवाल्याला वाटलं, पाळी बँजोची. बँजोवाल्याला वाटलं, फिडलची. दोघं एकमेकांची तोंडं बघत उभे, मेंढरं नुसती!"

"मग त्या थांबण्याचा अर्थ?"

"कसला अर्थ, पोरी? हा चिडून परत माइकपाशी आला आणि गायला लागला. लोक त्या रागाला विरह म्हणतात!"

"मग पुन्हा का नाही केलं?"

"त्यालाच आवडलं. म्हणाला, पुढं काय होणार ठाऊक नव्हतं, म्हणून कडवं जिवंत आलं."

दुसऱ्या दिवशी वायनेलनं स्टुडिओत एकच माइक मागितला.

"म्युझियम काढतेस की काय?" क्लेटन म्हणाला.

"मधला तुकडा कुणी वाजवायचा?" फिडलवाली डेलानं विचारलं.

"ठरवायचं नाही."

शेवटच्या कडव्याआधी वायनेल मागं सरकली. शांतता पडणार म्हणून तिनं श्वास रोखला. पण डेला वाटच बघत होती. ती उडी मारल्यासारखी पुढं आली आणि असं काही वाजवत सुटली, की वायनेलला परत माइकपाशी शिरायला खांदा लावावा लागला. धापा टाकतच तिनं कडवं गायलं.

क्लेटन काचेमागून बाहेर आला. "लोक विचारतील, ती शांतता कुठं गेली."

"विचारू देत. गाणं अल्बममध्ये राहिलं का?"

त्यानं डेलाकडं पाहिलं, मग वायनेलकडं.

"राहिलं," तो म्हणाला.