पहिली माती

"काऊन नाही जाऊन राहिले हे लोक घरात?" एरिकने मला तिसऱ्यांदा विचारलं.

हा डेन्मार्कचा पोरगा मराठी शिकला तो दरेकशाजवळच्या आमच्या कामावर, माती तुडवता तुडवता. त्यामुळे झाडीबोलीखेरीज दुसरी मराठी असते हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी केशोराव, गोंदियाचा शाळामास्तर. मदत समितीने मला त्याचा दुभाषी म्हणून नेमलं होतं. चार महिन्यांत त्याला माझी गरज उरली नव्हती, पण हे मी समितीला कळवलं नव्हतं.

समोर अठरा नवी घरं उभी होती. आदल्या भादव्यात तलावाची पाळ फुटून खालची वस्ती वाहून गेली, त्याची बातमी वाचून एरिक आला. वय चोवीस. याआधी दोन देशांत त्याने पूरग्रस्तांसाठी घरं बांधली होती आणि पगार कुठेच घेतला नव्हता. इथे त्याने उंचावरची जागा निवडली आणि दोरी लावून ओळ आखली. सगळी घरं सगळ्यांनी मिळून बांधायची, कोणतं कोणाचं ते शेवटी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, असा त्याचा नियम. म्हणजे कोणी आपली भिंत जाड आणि शेजाऱ्याची पातळ करणार नाही. मला ही युक्ती फारच आवडली होती.

चिठ्ठ्या टाकून आठवडा झाला होता. लोक मात्र अजून मोहाच्या झाडांखाली, फाटक्या पालांत राहत होते. मृगाला पंधरा दिवस उरले होते आणि एरिकची गाडी परवा सकाळची होती.

"मुहूर्त बघत असतील," मी म्हणालो. खरं तर मला त्या लोकांचा राग आला होता. फुकटात घर मिळतंय तर नखरे कसले, असं माझं मत होतं आणि ते मी बोलूनही दाखवत असे.

शेवटी आम्ही देवकाबाईकडे गेलो. वस्तीतली सर्वांत वयस्क बाई, पुरात नवरा गमावलेली. ओळीतलं पहिलंच घर तिच्या नावाने निघालं होतं. ती पालासमोर तांदूळ पाखडत बसली होती.

"आई, घर नाही आवडलं का?" एरिकने विचारलं.

"आवडलं ना बापा. साजरं आहे."

"मंग?"

"पन ते तुमचं आहे. तुमच्या घरात आमी कसं राहावं?"

एरिक हसला. बाई आभार मानते आहे असं त्याला वाटलं. "माझं कायले? मी तुमाले देऊन राहिलो."

"देल्यानं होत नाही." तिने सूप खाली ठेवलं. "पयली माती कोनं ठेवली?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तिकडच्या वस्तीत घर बांधताना ईशान्येच्या कोपऱ्यात मातीचा पहिला गोळा त्या घरची बाई ठेवते. मग भिंत कोणीही घालो, घर तिचं. इथे अठराही घरांचा पहिला गोळा एरिकने ठेवला होता. साहेब चिखलात हात घालायला लाजत नाही, हे लोकांना दिसावं म्हणून. दर वेळी लोक गप्प उभे राहिले होते आणि ते भारावले आहेत असं मी माझ्या अहवालात लिहिलं होतं.

"तेव्हाच का नाही सांगितलं?" मी खेकसलो.

"कोनतं घर कोनाचं, हे त कोनालेच ठाव नव्हतं. कोन बोलन?" ती माझ्याकडे बघत म्हणाली. "अन तुमी टाळ्या वाजवून राहिले होते, मास्तर."

मी एरिकला इंग्रजीत म्हणालो, "लक्ष देऊ नकोस. पाऊस आला की मुकाट्याने जातील आत."

त्याने माझ्याकडे न बघता बाईलाच विचारलं, "आता का कराचं?"

"कोपरा फोडा लागते. खालपर्यंत."

छपरं लाकडी खांबांवर होती, ती पडली नसती. पण त्या कोपऱ्यांवर एरिकचा जीव होता. ओळंब्याला जरा वाकडा दिसला की थर पाडून पुन्हा घालायला लावायचा. दुसऱ्या दिवशी समितीचा माणूस फोटो काढायला येणार होता. तो फोटो एरिक आपल्या आईला दाखवणार होता. हे त्याने मला निदान दहा वेळा सांगितलं असेल.

त्याने कुदळ घेतली आणि देवकाबाईच्या घराचा कोपरा फोडायला सुरुवात केली. रडत होता, लपवतही नव्हता. मला मात्र दुसरीकडे बघावं लागलं. पायापर्यंत पोचल्यावर देवकाबाई ओल्या मातीचा गोळा घेऊन आली. त्याला कोपराने बाजूला सारून खाली बसली, आणि माती दाबून ठेवली. मग डोक्यावरचा पदर सारखा करून उठली आणि सरळ चूल मांडायला आत गेली.

संध्याकाळपर्यंत इतर बायकाही आपापले कोपरे फोडून घेऊन तिथे माती ठेवायला बसल्या. दुसऱ्या दिवशी फोटोवाला आला. अठरा खिंडारं बघून त्याने कॅमेरा पेटीतून काढलाही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दरेकशाच्या स्टेशनावर आम्ही दोघंच होतो. मी वस्तीत सगळ्यांना गाडीची वेळ सांगितली होती. एरिक सारखा रस्त्याकडे बघत होता. एक तरी माणूस यायला हवा होता, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

गाडी दिसली तेव्हा स्टेशनमास्तर जवळ आला. "साहब, छोडने कोई नहीं आया?"

"सवड नाही त्याईले," एरिक म्हणाला. "घरं बांधून राहिले."

मी त्याची ट्रंक उचलायला वाकलो. त्याने नको म्हटलं, स्वतःच उचलली आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यात चढला.